हलकी पावसाळी झूल: मापापासून शेवटच्या शिवणीपर्यंतच्या नोंदी

घोडी १९ वर्षांची, १५ हॅंड उंच (एक हॅंड म्हणजे चार इंच). छाती रुंद, पाठ आखूड, आणि मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो, ज्याला विदर्स म्हणतात, तो चांगलाच वर आलेला. तिच्यासाठी आत भर नसलेली, पाणी न झिरपणारी, मोकळ्यात चरताना अंगावर ठेवता येईल अशी झूल शोधायला मला ७४ दिवस लागले. त्यातले निम्मे माझ्याच चुकांमुळे गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतेय.

दिवस १

आधी झूल हवीच का, हे ठरवलं. याच कुरणात आणखी दोन घोडे आहेत, दोघेही जवान आणि दाट केसांचे. त्यांना झूल घालणार नाही. थंडी वाजली की घोड्याचे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि तीच त्याची रजई होते. सौम्य हवेला सरावलेल्या घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांत अंग गरम किंवा थंड ठेवण्यासाठी वेगळी ताकद खर्चावी लागत नाही. कोरड्या थंडीत पातळ झूल घातली तर ती केस दाबून बसवते आणि फायद्याऐवजी तोटाच होतो.

घोडीची गोष्ट वेगळी आहे. गेल्या पावसात तिच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यावर खपल्या धरल्या. खपली उचलली की खाली केसांचा झुपका चिकटून यायचा, रंगाच्या छोट्या ब्रशसारखा. डॉक्टरांनी निदान केलं: डर्मॅटोफिलस कॉन्गोलेन्सिस नावाच्या जिवाणूचा संसर्ग. कातडी सतत ओली राहून मऊ पडली की तो आत शिरतो. बरं व्हायला पाच आठवडे लागले आणि तोवर तिच्या पाठीला हात लावला तरी ती अंग चोरायची. म्हणून या वेळी पाठ कोरडी ठेवायची आहे. ऊब हा मुद्दाच नाही. पावसाळी रात्रींना पारा १२ ते १८ मध्ये असतो, म्हणजे भर शून्य ग्रॅम. दर चौरस मीटरला ५० किंवा १०० ग्रॅम भर असलेल्या झुलीही 'हलक्या' म्हणूनच विकल्या जातात, तेव्हा नुसत्या त्या शब्दावर जाऊ नका, आतल्या भराचा आकडा बघा.

दिवस २

माप घेतलं आणि चुकलं. एकटीनेच टेप धरली होती. छातीच्या मधोमध एक टोक, तिथून खांद्याच्या सर्वांत फुगीर भागावरून आडवं जाऊन पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. आलं १८६ सेंटिमीटर. संध्याकाळी मोतद्दार काकांना टेपचं दुसरं टोक धरायला लावलं तर १८०. सकाळी घोडी एक मागचा पाय लांब टाकून उभी होती आणि मला ते दिसलंच नव्हतं. चारही पाय सरळ, जमीन सपाट, मान नेहमीच्या उंचीवर, आणि टेप धरायला दोन माणसं. याखेरीज घेतलेल्या मापावर पैसे लावू नका.

मापाच्या पद्धतीही एक नाहीत. कुणी छातीपासून मागपर्यंतचं माप फूट-इंचांत लिहितं, कुणी तेच नुसत्या इंचांत, तर कुणी फक्त पाठीची लांबी सेंटिमीटरमध्ये देतं, विदर्सपासून शेपटीच्या मुळापर्यंत. पाठीचं माप घेतलं तर आमच्या घोडीचं १३२ आलं. एकच घोडी, पण दोन आकडे. कुठला आकडा कुठल्या तक्त्यात बघायचा हे आधी विचारायचं. फूट-इंचांची मापं ३-३ इंचांनी वाढतात. १८० सेंटिमीटर पाच फूट नऊ आणि सहा फूट यांच्या मध्ये पडतं. मी सहा फूट ठरवलं.

दिवस ५

लेबलं वाचण्यात तीन संध्याकाळी गेल्या. कामाचं तेवढंच लिहिते.

डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६००, १२००, १६८० असे आकडे दिसतात. आकडा मोठा तेवढा धागा जाड, म्हणजे फाटायला कठीण. पाणी आत येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं आतल्या थराच्या दाबाच्या आकड्यावरून: ३,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी झिरपत नाही. बरोबर दुसरा ३,००० असतो, तो घामाची वाफ किती बाहेर पडते त्याचा, दर चौरस मीटरला २४ तासांत इतके ग्रॅम. दोन्ही आकडे सारखे दिसतात म्हणून घोटाळा होतो.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाही. नायलॉन थोडं पितं, ओलं झालं की सैलावतं आणि उन्हालाही लवकर दमतं, पण घासाघाशीत चिवट असतं. आमची घोडी कुंपणाला अंग घासणारी नाही, म्हणून पॉलिएस्टर. विणीत चौकटी असलेलं कापड मिळालं तर उत्तम, फाटलं तरी चीर पुढे धावत नाही.

हे सगळं कळूनही मी झूल मागवली ती १२०० डेनियर या आकड्यावर. खांद्याचा घाट कसा आहे, हे विचारलंही नाही.

दिवस ९

झूल आली. घाईत थेट घोडीच्या अंगावर घातली. मागची लांबी बेताची, शेपटीवरचा पदर नीट पडलेला, रंग छान. छातीची बक्कलं शेवटच्या भोकात कशीबशी लागली. वाटलं, नवी आहे, सैल होईल. काकांनी बक्कलाजवळ हात घालून पाहिला, बोटं आत जाईनात. ते म्हणाले, "ताई, हिचे खांदे मोठे आहेत, ही झूल दुसऱ्या अंगाची शिवलीय." ऐकायला हवं होतं.

दिवस १३

चार दिवसांत दोन्ही खांद्यांवर तळहाताएवढे केस उडाले. कातडी लाल नाही, पण गुळगुळीत. विदर्सवर आयाळीचे केस मुळापासून तुटलेत. ती चालतानाही पुढचा पाय आखूड टाकतेय. झूल काढल्यावर दहा-बारा पावलांत चाल मोकळी झाली.

आणखी एक गोष्ट दिसली आणि मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती हीच. काल रात्री पाऊस झाला होता. झूल उलटी करून पाहिली तर पाठीवरचं अस्तर कोरडं, आणि दोन्ही खांद्यांच्या शिवणीवर बोटभर रुंदीची ओली रेघ, दोन्ही बाजूंना अगदी सारखी. कापड जिथे ताणलं जातं तिथे सुईची भोकं उघडतात आणि पाणी तिथूनच आत येतं. दोन बोटांनी ती शिवण ओढून उजेडासमोर धरली, टाक्यांमधून उजेडाचे ठिपके दिसले. सोडली की ठिपके गायब. दुकानात घडी घालून ठेवलेली हीच झूल एक थेंबही आत घेणार नाही. म्हणजे झूल आखूड-घट्ट असली की ती गळणारही. मी माप आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी समजत होते.

परत करायला गेले तर अस्तरात केस अडकलेले म्हणून विक्रेत्याने घेतली नाही. त्याचं बरोबरच होतं. नवी झूल अंगावर घालून बघताना खाली स्वच्छ जुनी चादर टाकायची, हे आता कायमचं लक्षात राहील. एका झुलीची पूर्ण किंमत गेली.

दिवस १४ ते १८

ती झूल वाचवायच्या नादात पाच दिवस घालवले. आधी खांद्यांना घालायचं गुळगुळीत कापडाचं जाकीट आणलं. केस घासले जाऊ नयेत म्हणून ते चांगलं असतं, पण झूल बेताची असेल तरच. घट्ट झुलीखाली आणखी एक थर गेला आणि ती जास्तच घट्ट झाली. मग छातीला जोडपट्टी लावून बक्कलं पुढे आणली. छाती सुटली, पण गळा मोठा होऊन झूल मागे सरकायला लागली आणि सगळा भार विदर्सवर आला. दोन्ही उपाय काढून टाकले. जाकीट आणि जोडपट्टी मिळून झुलीच्या किमतीचा चौथा हिस्सा. घाट चुकीचा असेल तर त्याला जोड देऊन काही होत नाही, झूल बदलावी लागते.

या दिवसांत घोडीला झुलीशिवाय ठेवलं. सुदैवाने पाऊस किरकोळ होता. रोज संध्याकाळी पाठ चाचपून बघत होते.

दिवस २०

आता उलट्या बाजूने सुरुवात केली: आधी खांदा, मग लांबी.

जुनी जाड चादर घोडीच्या अंगावर टाकली, छातीवर दोन्ही कडा एकमेकींवर आणल्या आणि खडूने खुणा केल्या: छातीचा मध्य, खांद्याचं हाड, विदर्स, शेपटीचं मूळ. मग जमिनीवर वैरण टाकली. तिने मान खाली घातली आणि चादर विदर्सवर कचकन ताणली गेली, छातीवरच्या खुणा ७ सेंटिमीटर लांब गेल्या. घोडा कुरणात दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालूनच असतो, आणि मी मात्र तिला मान वर करून उभी असताना मापत होते. हे सात सेंटिमीटर झुलीत कुठून तरी यायला हवेत. ते येतात खांद्याजवळच्या कळीतून, म्हणजे बगलेखाली त्रिकोणी तुकडा जोडून दिलेल्या फुगवट्यातून. कळी जितकी वर सुरू होते आणि खोल असते, तितका खांदा मोकळा.

दोन ओळखीच्यांकडून त्यांच्या झुली फक्त घाट बघायला मागून आणल्या. खाली चादर घातल्याशिवाय एकही झूल अंगाला लावली नाही. हा कातडीचा आजार झुली, खरारे, ब्रश एकमेकांचे वापरल्याने पसरू शकतो, आणि आमच्या घोडीला तो होऊन गेलाय. चादर नंतर उकळत्या पाण्यात काढली.

एका झुलीची कळी कोपरापाशी सुरू होत होती, नावालाच. दुसरीची खांद्याच्या हाडाच्या वरपासून. मान खाली गेली की दुसरीची कळी पंख्यासारखी उघडायची आणि मान वर आली की मिटायची. मी तिथे खाली बसून वीसेक मिनिटं नुसती तेवढीच बघत होते. याच घाटाची घ्यायची, ठरलं.

दिवस २६

दुसरी झूल. ६०० डेनियर पॉलिएस्टर, भर नाही, पाठीवर मधली शिवण नाही (पूर्ण पाठ एकाच तुकड्याची), खोल कळी, छातीला दोन बक्कलं, गळा विदर्सच्या चार बोटं पुढे येणारा. माप पाच फूट नऊ. पहिल्यापेक्षा एक माप लहान आणि तरी खांद्यात सैल. आकड्यापेक्षा घाट मोठा, हे अंगावर घातल्यावर पटलं.

चादरीवरून घालून पाहिली. खांद्याजवळ सपाट तळहात सहज आत-बाहेर. मान खाली, मान वर, दोन्हीकडे वळून पाहिलं. कुठेच ओढ नाही.

अंगणात दोन चाचण्या केल्या. पहिली: रिकाम्या बादलीत खाली कोरडा टिपकागद, वर झुलीचा पाठीकडचा भाग खोलगट करून बसवला, त्यात दोन लिटर पाणी ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी कागद कोरडा. दुसरी: मगात वाफाळतं पाणी, तोंडावर झुलीचं कापड आतली बाजू खाली करून ताणून बांधलं, वर थंड काचेचा पेला पालथा. तीन मिनिटांत पेल्याच्या आत धुकं धरलं. साध्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर हेच केलं तर पेला दहा मिनिटांनीही स्वच्छ. ताडपत्रीची झूल शिवून देतो असं मला एकाने सुचवलं होतं. त्यात घोडी पावसाऐवजी घामाने भिजली असती, आणि कातडीला ओल ती ओलच.

दिवस २९

पहिला खरा पाऊस, पाच तास. पाठ कोरडी, खांदे कोरडे. पण पोटाखालून फुलीसारखे जाणारे पट्टे जिथे बरगड्यांवर झुलीला शिवलेत, तिथे दोन्ही बाजूंना रुपयाएवढे ओले डाग. त्या शिवणींवर आतून पाणी अडवणारी चिकटपट्टी नव्हती. बादलीची चाचणी मी फक्त सपाट कापडावर केली होती. चाचणी शिवणींची करायला हवी, आणि पट्ट्यांच्या शिवणींची आधी.

दिवस ३० ते ३४

घरात बाथरूमच्या फटींसाठी आणलेली सिलिकॉनची ट्यूब होती, तीच शिवणींवर फासली. तिसऱ्या दिवशी सालीसारखी निघून आली. या झुलीच्या आतला थर पॉलियुरेथेनचा आहे आणि त्यावर सिलिकॉन धरत नाही. तंबू दुरुस्तीसाठी मिळणारं पॉलियुरेथेनचं शिवण-सील आणलं. आधी जुना सिलिकॉनचा अंश नखाने आणि खरखरीत कापडाने काढला, तासभर लागला. मग स्पिरिटने पुसलं, सावलीत पूर्ण वाळवलं, लहान ब्रशने टाक्यांवर पातळ हात दिला, आठ तासांनी दुसरा, आणि पूर्ण एक दिवस तसंच ठेवलं. जाड थर एकदम देऊ नका, वरून वाळतो आणि आतून चिकट राहतो. वर पावडर शिंपडली म्हणजे घडीत चिकटत नाही.

मग शिवणीवर ओल्या स्पंजने दाबून पाहिलं. कोरडी.

दिवस ३७

आजची नोंद लिहिताना अजून हात थरथरतोय.

पहाटे कुरणात गेले तर झूल डाव्या कुशीवर पूर्ण फिरलेली, पाठ उघडी, आणि मागच्या मांडीचा एक पट्टा गुडघ्याच्या खाली लोंबतोय. घोडी एकाच जागी उभी. हलली असती तर पाय पट्ट्यात अडकला असता. तिच्याशी बोलत बोलत जवळ गेले, आधी मागचे पट्टे सोडले, मग पोटाचे, शेवटी छातीची बक्कलं. झूल खाली पडली तेव्हा तिने मोठा श्वास सोडला. अंगावर ओरखडाही नाही.

चूक माझी. पोटाखालच्या पट्ट्यांना मी वीतभर ढील ठेवली होती, तिला आराम वाटावा म्हणून. पोट आणि पट्टा यांच्यात आडवा एक तळहात, साधारण १० सेंटिमीटर, एवढीच जागा हवी. त्याहून सैल झाला की लोळताना त्यात खूर जातो. मांडीचे पट्टेही मी सरळ लावले होते. एक पट्टा मांडीभोवती घेऊन त्याच बाजूला अडकवायचा आणि दुसरा पहिल्याच्या फासातून ओवून घ्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना मांडीपासून दूर धरतात आणि झूल मध्यावर राहते. मांडी आणि पट्टा यांच्यातही तळहाताएवढंच अंतर. हुकाचं उघडं तोंड आतल्या बाजूला, म्हणजे कुंपणाच्या तारेत अडकत नाही.

घालताना क्रम: झूल तिपेडी घडी करून विदर्सच्या थोडी पुढे ठेवायची, केसांच्या दिशेने मागे उलगडायची, मग छाती, पोट, मांड्या. काढताना नेमकं उलट. झूल पुढे गेली तर मागे सरकवायची, मागे गेली तर उचलून पुन्हा घालायची. पुढे ओढली की केस उलटे दबतात.

दिवस ३८

मांडीच्या पट्ट्याची शिवण अर्धी उसवली होती. पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने चौकोन आणि त्यात फुली अशी शिवली. सुती दोरा ओलीने कुजतो, तो नको. टाक्यांवर सील. अर्धा दिवस.

दिवस ४३

रात्री पाऊस, सकाळी लख्ख ऊन. मला कुरणात पोचायला साडेअकरा वाजले. झुलीखाली खांद्यामागे हात घातला तर केस घामाने चिकट. आत भर नसलेली झूलसुद्धा उन्हात तापते, आणि ही गडद निळी आहे. कान चाचपून अंदाज करू नका, कान गार आणि अंग घामेजलेलं असं दोनदा अनुभवलंय. हात विदर्सच्या मागे आणि खांद्याखाली घालायचा.

नॉर्वेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ घोड्यांना खुणेच्या फळ्यांना नाक लावून झूल घाल, काढ किंवा आहे तसंच राहू दे, हे सांगायला शिकवलं होतं. ओल्या, वाऱ्याच्या, थंड दिवशी ते घाल म्हणत, ऊन पडलं की काढ. आमची घोडी सांगू शकत नाही, पण आज ती सावलीच्या कडेला अंग ताणून उभी होती, ते सांगणंच होतं. काकांशी बोलले: ज्या दिवशी मला उशीर, त्या दिवशी पाऊस थांबल्यावर ते झूल काढतील, माझ्या फोनची वाट न बघता.

दिवस ५०

झूल चिखलाने भरली होती. मी कपड्यांच्या साबणात भिजवून ब्रशने घासली. पुढच्या पावसात पाण्याचे थेंब गोळी होऊन घरंगळायचे बंद झाले, कापड पाणी शोषून काळं पडलं. आत गळलं नाही, पण वजन करून पाहिलं: कोरडी २.४ किलो, ओली ३.५. पूर्वी ओली २.८ भरायची. बाहेरचं कापड पाण्याने भरलं की वाफही बाहेर पडत नाही. साबणाचा अंश कापडात राहतो आणि पाण्याला ओढून घेतो, तेच झालं.

दुरुस्ती: साध्या पाण्याने पाच वेळा खळबळून काढली, मग अशा कापडासाठीचा वेगळा साबण, पाणी ३० अंशांच्या आत, मग पाणी झटकणारा फवारा. तीन दिवस आणि झुलीच्या किमतीचा पाचवा हिस्सा. यापुढे चिखल वाळू द्यायचा, मऊ ब्रशने झाडायचा आणि नुसत्या पाण्याने धुवायचं. धुलाई हंगाम संपल्यावर एकदाच.

दिवस ५२

झूल वाळत असताना दोन रात्री घोडी उघडी भिजली. जोडीला दुसरी झूल लागतेच, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवं होतं. त्याच घाटाची, त्याच मापाची, फिक्या राखाडी रंगाची मागवली. आल्या आल्या पट्ट्यांच्या सगळ्या शिवणींना सील लावलं, एक थेंब पडायच्या आधी. संध्याकाळचं काम.

दिवस ६१

बरगड्या चाचपल्या. झुलीखाली अंग दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला हाताने बघायचं ठरवलं होतं आणि दोन आठवडे राहून गेलं. बरगड्या बोटांना लागतात, दिसत नाहीत. तशाच हव्यात.

खांद्यांवर उडालेल्या जागी आखूड, मऊ, गडद केस आलेत. विदर्सच्या डाव्या बाजूला चारपाच केस मात्र पांढरे आले. दाबाची खूण आहे ती, बहुधा राहणार.

दिवस ७४

काल संध्याकाळी सहाला सुरू झालेला पाऊस पहाटे पाचला थांबला. अकरा तास. राखाडी झूल अंगावर होती.

पाठीवरच्या पाण्याचे थेंब अजून गोळी होऊन बसलेले. मांड्या, पोट, छाती सोडली. झूल मागे दुमडत नेली आणि विदर्सपासून पुठ्ठ्यापर्यंत टिपकागद फिरवला. कोरडा. खांद्यांवर कोरडा. पट्ट्यांच्या शिवणींखाली कोरडा. शेपटीच्या मुळाशी थोडी ओल, वाऱ्याने पदर उडाला असणार. शेपटीखालची दोरी चिखलात कडक होऊन तुटलीय, पदर त्यामुळेच उडाला.

पाठीवर एकही खपली नाही. मी हात फिरवला तर ती हलली नाही, उलट माझ्या हातावर रेलली. मग चार पावलं चालून चिखलात पाठीवर लोळली आणि उठून अंग झाडलं.

दोन्ही झुलींच्या शेपटीखालच्या दोऱ्या उद्या बदलायच्या आहेत. पॉलिएस्टरची गोल दोरी, दोन मीटर.